रुतलेला ट्रक आणि बलांचा हिशोब

धाराशिव जिल्ह्यात गाळप हंगाम सुरू झाला की एक दृश्य हमखास दिसते. उसाने भरलेला ट्रक समोरच्या वाहनाला वाट देण्यासाठी साइडपट्टीवर उतरतो. खालची काळी माती पाण्याने मऊ झालेली असते आणि मागची चाके बघता बघता रुतून बसतात. माणसे जमतात, ट्रॅक्टर येतो, टोचन लावले जाते आणि कोणीतरी ओरडते, ‘ओढ!’ बहुतेक वेळा ट्रक निघतो. एखाद्या वेळी मात्र दोर तुटतो. ताणलेल्या तारेच्या दोरात साठलेली ऊर्जा त्या क्षणी मोकळी होते आणि तो चाबकासारखा मागे फिरतो. त्याच्या वाटेत माणूस असेल, तर तो वाचणे कठीण.

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज अवजड वाहनांवर चालक, मेकॅनिक वा क्रेनचालक म्हणून काम करतात. कित्येक पालक दरवर्षी ऊसतोडीला जातात. राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि ६५ हे दोन्ही आपल्या जिल्ह्यातून जातात, त्यामुळे अवजड वाहतूक आपल्या दारातलीच आहे. म्हणून या स्मरणिकेत हा विषय मांडणे आम्हांस उचित वाटले. यासाठी उच्च गणित लागत नाही. शाळेत शिकलेले बल, घर्षण, कप्पी आणि तरफ एवढे पुरेसे आहे.

हा प्रश्न या भूमीला नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगर, म्हणजे आपले तेर, येथील कापड गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशातून भडोचच्या बंदरावर जात असल्याची नोंद आहे. त्या गाडीवानांनाही रुतलेली चाके काढावी लागली असतीलच. मात्र आज वजने वाढली आहेत आणि त्यासोबत चुकीची किंमतही वाढली आहे.

वजन वेगळे, ओढ वेगळी

पहिली गोष्ट ध्यानी घ्यावी ती ही, की वाहनाचे वजन आणि ते ओढण्यास लागणारे बल या दोन भिन्न राशी आहेत. कठीण, सपाट रस्त्यावर मोकळ्या चाकांचे वाहन हलविण्यास त्याच्या वजनाचा सुमारे पंचविसावा भाग पुरतो. म्हणजे २८ टनांच्या दहाचाकी ट्रकला जेमतेम १.१ टन ओढ लागते. चिखलात हे चित्र पालटते. लष्करी वाहने बाहेर काढणाऱ्या तुकड्यांत वापरले जाणारे अदमासाचे नियम असे आहेत: चाके रुतली असतील तर ओढ वाहनाच्या वजनाइतकी, चिखल मडगार्डपर्यंत असेल तर वजनाच्या दुप्पट आणि केबिनपर्यंत असेल तर तिप्पट धरावी. चढ असल्यास दर अंशामागे वजनाचा साठावा भाग अधिक मिळवावा. उलटलेले वाहन सरळ करण्यास वजनाच्या निम्मे बल धरतात.

आता हिशोब करू. भरलेल्या ट्रकचे एकूण वजन २८ टन आहे, चाके रुतली आहेत आणि रस्त्याच्या कडेचा चढ १० अंशांचा आहे. चिखलाचे २८ टन आणि चढाचे सुमारे ४.७ टन मिळून जवळजवळ ३३ टन ओढ लागेल. हाच ट्रक रिकामा केला आणि त्याचे वजन १० टन उरले, तर चिखलाचे १० आणि चढाचे १.७ मिळून ११.७ टन पुरतात. ऊस उतरविण्यास काही तास जातात, मजुरी लागते, तोडलेला ऊस वाळून वजन घटते. म्हणून मुकादम आणि चालक दोघेही ते टाळू पाहतात. परंतु त्या काही तासांच्या बदल्यात ओढ एक-तृतीयांशावर येते. चाकांपुढची माती खोऱ्याने काढून मुरूम वा फळ्या टाकल्या, तर ती आणखी घटते. सुटकेचे पहिले साधन खोरे आहे, विंच नव्हे.

कप्पीचा लाभ आणि तिची किंमत

समजा आपल्यापाशी ८ टन ओढणारी विंच आहे. ११.७ टनांस ती थेट पुरणार नाही. अशा वेळी रुतलेल्या ट्रकला कप्पी बांधून दोर तिच्यातून परत आणावा. आता ओढ दोन पदरांत वाटली जाते. कप्पीच्या घर्षणासाठी दहा टक्के अधिक धरले, तर एकूण १२.९ टन आणि प्रत्येक पदरावर सुमारे ६.४ टन येतात. विंच हे काम करू शकेल. मात्र विंचवर लिहिलेली क्षमता ड्रमवरील दोराच्या पहिल्या थराची असते. थर वाढतील तशी ती घटते. दोराची तुटण्याची क्षमता ताणाच्या निदान चौपट, म्हणजे येथे सुमारे २६ टन असावी. ती दोरासोबतच्या प्रमाणपत्रावर पाहावी. तारा तुटलेला, चेपलेला वा गाठ पडून पिळलेला दोर या हिशोबात धरूच नये.

कप्पी बल वाढवते, पण त्याची किंमत दुसरीकडे वसूल करते. दोराचे एक टोक विंचवर आणि दुसरे त्याच सुटका-वाहनावर बांधले असेल, तर त्या वाहनावर संपूर्ण १२.९ टन येतात. ते वाहन १६ टनांचे असून कोरड्या डांबरावर उभे आहे आणि घर्षणांक ०.६ आहे असे धरले, तर ते ९.६ टनांपर्यंतच टिकेल. त्यापुढे ते स्वतःच खड्ड्याकडे घसरू लागेल. म्हणून चाकांमागे भक्कम ठोकळे लावावेत, किंवा दोराचे दुसरे टोक वेगळ्या भरलेल्या ट्रकला बांधून भार दोघांत वाटावा. ओल्या रस्त्यावर हा घर्षणांक आणखी घटतो, हे विसरू नये.

कोनाचा फसवा खेळ

ओढ शक्यतो चासीच्या दोन्ही बाजूंना सारखी लागावी म्हणून साखळीचे दोन पदर लावतात. बंपरला वा झिजलेल्या हुकाला कधीही बांधू नये. या दोन पदरांमधील कोन ६० अंश असेल, तर प्रत्येक पदरावर एकूण ओढीच्या ०.५८ पट ताण येतो. तो कोन ९० अंश झाला की ०.७१ पट, आणि १२० अंश झाला की प्रत्येक पदरावर संपूर्ण ओढीइतका ताण येतो. आपल्या उदाहरणात ११.७ टनांसाठी हे ताण अनुक्रमे ६.८, ८.३ आणि ११.७ टन होतात. ग्रेड ८० च्या १६ मिलिमीटर साखळीची कामाची मर्यादा ८ टन आहे. म्हणजे साखळी तीच, ट्रक तोच. पण ६० अंशांवर ती सुरक्षित आहे आणि ९० अंशांवर ती मर्यादा ओलांडते. पदर लांब घेतले की कोन लहान होतो, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे.

तारेच्या दोराला क्लिप लावून फास करताना क्लिपचे खोगीर भार घेणाऱ्या लांब पदरावर आणि ‘यू’ बोल्ट तुटक टोकाच्या बाजूस असावा. उलट लावल्यास बोल्ट भाराच्या पदरालाच चिरडतो.

टोचन करून नेताना

ट्रक रस्त्यावर आला म्हणजे काम संपत नाही. त्याचा पुढचा भाग उचलून न्यायचा असेल, तर तरफेचा नियम आठवावा. टोचन-वाहनाच्या दोन आसांमधील अंतर ४ मीटर आहे आणि मागील आसापासून २ मीटर मागे ३ टन उचलले आहेत. मग पुढच्या आसावरील भार ३ × २ ÷ ४, म्हणजे दीड टनाने घटेल. पुढे मूळचे ४ टन असतील तर अडीच उरतील. ५ टन उचलले तर मात्र केवळ दीड टन उरेल आणि तुळजापूरच्या घाटात स्टिअरिंग हलके पडेल. पुढच्या आसावर मूळ भाराच्या निम्मा तरी उरावा, असा संकेत आहे. तसेच मागची चाके फिरत न्यायची असल्यास प्रॉपेलर शाफ्ट सोडवावा. इंजिन बंद असता गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि तो जळू शकतो. हवेच्या ब्रेकमध्ये दाब नसेल तर मागची चाके जखडलेली राहतात, हेही आधी तपासावे.

माणसांची जागा

सर्वांत मोठा हिशोब माणसांचा आहे. ओढ सुरू होण्यापूर्वी ताणलेल्या दोराच्या लांबीहून अधिक अंतरावर सर्वांनी उभे राहावे. दोर कप्पीतून वळत असेल, तर त्या वळणाच्या आतल्या बाजूस कोणीही थांबू नये, कारण कप्पी सुटल्यास दोर तिकडेच झेपावतो. दोरावर ओले पोते किंवा जाड गोधडी टाकावी. खूण एकानेच करावी. ‘थांबा’ मात्र कोणीही म्हटले तरी काम थांबलेच पाहिजे. हिसका देऊन ओढू नये. हिसक्याने येणारा ताण स्थिर ओढीच्या कित्येक पट असू शकतो आणि वर केलेला सारा हिशोब त्यापुढे व्यर्थ ठरतो.

आम्ही हे विशेषतः तरुण माजी विद्यार्थ्यांसाठी लिहीत आहोत. दोराजवळ उभा राहतो तो बहुधा सर्वांत लहान वयाचा क्लीनर असतो, आणि घाई करणारा वयाने व अधिकाराने मोठा असतो. त्या वेळी तिथे आपल्या शाळेतून शिकून गेलेला एखादा असेल, तर त्याने चिखलाची खोली पाहावी, कोन पाहावा, मातीवर काडीने चार आकडे मांडावेत आणि जमत नसेल तर नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे, ‘दादा, आधी ऊस उतरवू या.’ कारखान्यावरची पाळी पुन्हा मिळते. त्या मुलाचा जीव पुन्हा मिळत नाही.