आवारातला मुक्काम आणि मनाची कोंडी

प्रश्न : चिंचोळी एमआयडीसीतील कारखान्यात मी नोकरीस आहे. गेल्या महिन्यापासून मुक्काम आवारातच असून कुटुंब सोलापुरात आहे. झोप उडाली आहे, चिडचिड वाढली आहे. काय करावे?
– एक कामगार, मे २०२१

उत्तर : मुंबईतील प्लेगच्या निमित्ताने १८९७ साली जो साथरोग कायदा झाला, त्याच्याच आधारे कोरोनाच्या साथीमुळे १४ एप्रिल २०२१ पासून राज्यात कडक निर्बंध जारी झाले आणि कामगारांची राहण्याची सोय आवारातच करणाऱ्या कारखान्यांना काम चालू ठेवण्याची मुभा मिळाली. त्यामुळे आपला रोजगार शाबूत राहिला खरा. परंतु काम आणि विश्रांती यांमधील सीमारेषाच लोपल्यामुळे जी अस्वस्थता उत्पन्न झाली आहे, ती आपला स्वभावदोष नसून परिस्थितीचा स्वाभाविक परिणाम होय.

ही सीमारेषा आपण स्वतः आखावी. पाळी सुटताच स्नान करून कपडे बदलावेत आणि सहकाऱ्यांपासून अंतर राखून मोकळ्या हवेत थोडे फिरावे. उठण्याची वेळ निश्चित ठेवावी, निजण्यापूर्वी काही तास चहा वर्ज्य करावा, साथीच्या बातम्या दिवसातून एकदाच पाहाव्यात. घरी ठरावीक वेळी दूरध्वनी करताना केवळ प्रकृतीची चौकशी न करता मुलांचा अभ्यास, घरखर्चाचा हिशेब यांतही लक्ष घालावे. दूर राहूनही संसारातील आपला वाटा त्यामुळे कायम राहतो.

एवढे करूनही दोन आठवड्यांत उतार न पडल्यास मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार आल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, त्यात संकोच बाळगू नये.