सतरा अंकांची संख्या

नऊ वेळा एक लिहा : १११११११११. या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढते आणि तशीच एकावर उतरते. गणित शिकवण्याच्या माझ्या सगळ्या वर्षांत ही संख्या सोबत राहिली. तिने शिकवलेलं मांडतो.

१. आधी संख्या वाचावी. अब्जाच्या पुढे आपली जीभ अडखळते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानं दिली आहेत. ती म्हणत डावीकडे गेलं, की हिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी येतो, परार्धाच्या एकच घर अलीकडे.

२. यंत्राचं उत्तर ताडून बघावं. मुलांना वाटायचा कागद मी एकदा स्प्रेडशीटमध्ये केला. शेवटी ३२१ ऐवजी ३०० छापून आलं. तिथे पंधराच अंक टिकतात, उरलेल्यांची शून्यं होतात. ते न पाहता मी अवयव पाडायला सांगितले. मागच्या बाकावरची मुलगी उठली : “सर, एक एके एक ना? मग शेवटी शून्य कुठून आलं?” तिचं बरोबर होतं. सगळे कागद परत घेतले.

३. वर्गाचे अवयव हवेत, तर वर्गमूळ फोडावं. १११११११११ ला नऊने भागलं, की १२३४५६७९ येतात. त्यात आठ नाही. त्याला ३७ ने भागलं, की ३३३६६७. इथे मी अडलो. ही मूळ संख्या आहे का, हे ठरवायला ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, आणि त्या आहेत १०६. एका रविवारी वहीत सगळे भागाकार केले. एकदाही नि:शेष भाग गेला नाही. पुढे कळलं, की नऊ एकांच्या संख्येला भागणारी पण १११ ला न भागणारी मूळ संख्या नेहमी अठराच्या पटीहून एकाने मोठी असते. मग तीन आणि सदतीस तपासल्यावर सोळाच भागाकार उरतात. तरी मुलांना मी आधी लांबची वाट चालायला लावतो. आडवाटेची किंमत त्याशिवाय कळत नाही.

४. वर्गात ३ हा अवयव चार वेळा, ३७ आणि ३३३६६७ दोन-दोन वेळा. घातांकांत एकेक मिळवून गुणा : ५ × ३ × ३, म्हणजे ४५ विभाजक. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या विषमच असते.

५. नावामागचा माणूस सांगावा. हिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने हिला भाग जातो. म्हणून ही हर्षद संख्या. हे नाव देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी दिलं. अशा चढत्या-उतरत्या संख्यांना त्यांनी मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनावरून ‘डेम्लो’ म्हटलं. दर वर्षी पहिल्या तासाला मी हे सांगत आलो.

६. नमुना दिसला, तरी पुढची पायरी करून बघावी. दहा एकांच्या संख्येचा वर्ग कागदावर मांडा. मधल्या घरात दहा येतात, हातचा डावीकडे जातो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१.