‘पोटात दुखतंय’ म्हणजे काय होतंय?

परवा फोनवर तू म्हणालीस, “आत्या, ह्याला आरोग्याचा धडा तोंडपाठ आहे, पण हात न धुताच ताटावर बसतो.” बाई गं, बत्तीस वर्षं पालिकेच्या प्राथमिक शाळेत मी तोच धडा शिकवला. ‘हात का धुवावेत?’ याला पैकीच्या पैकी गुण घेणारी पोरं मधल्या सुट्टीत खाली सांडलेली बोरं फुंकर मारून तोंडात टाकायची. तेव्हा शाळेवर फार विसंबू नकोस. तिसरीतल्या मुलाला आरोग्याचं कळतं ते घरात काय बोललं जातं नि काय हाताला लागतं त्यावरून.

आधी मोरी बघ. फणसवाडीतल्या आपल्या खोल्यांत नळ खाली असतो आणि साबण खिडकीच्या कट्ट्यावर, म्हणजे तुझ्या उंचीला. साबण मागायला आई लागते तोवर हात धुणं हे आईचंच काम राहतं. डबी त्याच्या हाताला येईल अशी ठेव. वीस सेकंद म्हणजे किती, हे त्याला घड्याळात कळायचं नाही. आरतीचं एक कडवं म्हणून होईपर्यंत चोळ म्हणावं, बरोबर होतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. त्याला दुखण्याचे शब्द दे. तुझा लेक इंग्रजी शाळेत. त्याला ‘स्टमक’ येतं, ‘डायजेशन’ येतं, आकृतीत जठर दाखवता येतं. पण रात्री उठून रडायला लागला की एकच सांगतो, “आई, पेन होतंय.” कसलं पेन? आपल्या भाषेत पोटात कळ येते, मुरडा येतो, जळजळतं, मळमळतं, डचमळतं, नुसतं गच्च होतं. घसा खवखवतो, जखम चुरचुरते, दात ठणकतो, अंगात कणकण असते. एकेक शब्द डॉक्टरला निम्मी वाट दाखवतो. ठणका आणि चुरचुर यातला फरक ज्याला सांगता येतो, त्याला आपल्या अंगात काय चाललंय हे कळायला लागलेलं असतं. माझ्या वर्गातल्या कोकणातून आलेल्या पोरांना धड वाचता येत नव्हतं, पण दुखणं मात्र अचूक सांगायची, कारण घरात आजी होती. तुझ्याकडे आजी नाही, तर हे काम तू कर. तुझं स्वतःचं डोकं दुखलं की नुसतं “जा, त्रास देऊ नकोस” म्हणू नकोस. “कपाळाच्या दोन्ही बाजू ठणकतायत, सकाळपासून चहाशिवाय काही पोटात नाही,” असं पुरतं वाक्य बोल. तो ऐकत असतो.

दवाखान्यात गेलात की आधी त्याला बोलू दे. केव्हापासून, कुठे, कसं. एवढं आठ वर्षांच्या मुलाला सांगता येतं. चुकला तर मागून दुरुस्त कर. आणि ‘मस्ती केलीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ हे वाक्य घरातून कायमचं काढून टाक. सुईची भीती या शहराला जुनीच आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यावर लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली, तरी लोक बिचकतच होते. 2018च्या नोव्हेंबरात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली, तेव्हा फोनवरच्या अफवा वाचून वर्गाच्या दारातून मुलांना परत नेणाऱ्या आया मी पाहिल्या. त्या शिकलेल्या होत्या. त्यांच्या मुलांनी त्या दिवशी काय शिकलं असेल, ते तूच ठरव.

आता पिंप बघ. चाळीत पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून प्रत्येक खोलीत पिंप. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून, घासून, कोरडं करायचं. हे त्याला सांगत बसू नकोस, दाखव. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धर. अळी वळवळताना एकदा दिसली, की मग तोच गॅलरीभर लोकांच्या ताटल्या उलट्या करत फिरेल. शेजारणी ओरडतील, ओरडू देत.

हे काही माझ्या मनचं नाही. मुलांनीच घरच्यांना आणि धाकट्यांना आरोग्याचं सांगावं, ही कल्पना 1978 साली लंडनहून जगभर निघाली. आपल्याकडे परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. भालेराव यांनी त्याच सुमारास मालाडच्या मालवणीत शाळकरी मुलांना हाताशी धरून ती करून दाखवली होती. एवढ्या जवळचं काम, पण आपल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी त्याचं नावही कधी ऐकलं नाही.

वाचता यायला लागलाय, तर पुड्या वाचायला दे. चार ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. काळ्या शीतपेयात शंभर मिलीलीटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. पाव लिटरच्या बाटलीत किती चमचे झाले, ते वाटीत मोजून ओतायला सांग. साडेसहा भरतील. गणितही होतं. जुलाबावरची ओआरएसची पुडीही त्यालाच वाचू दे. मोठी पुडी एक लिटर पाण्याची, लहान दोनशे मिलीलीटरची. मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर औषधच बाधतं. ‘ओआरएस’ नाव लावून गोड पेयं खोक्यांतून विकली जायची, 2025च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला मनाई केली. दुकानात जुना माल दिसला तर त्याला ओळखता यावं.

माझी फजिती सांगते. नातवाला खोकल्याचं औषध मी पोह्याच्या चमच्याने देत होते. तो म्हणाला, “आजी, बाटलीवर पाच एमएल लिहिलंय, टोपणावर रेघ आहे.” मोजलं, तर माझा चमचा दुपटीच्या वर निघाला. त्या पोराला मी ‘मोठ्यांना शिकवू नकोस’ म्हणाले असते तर ती रेघ त्याने पुन्हा वाचली नसती. तुमच्या घरात हे वाक्य फार ऐकू येतं, रागावू नकोस, पण येतं.

10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला शाळेत गोळी मिळेल. ती गिळायची नाही, चावून खायची, आणि कशासाठी ते त्याला आदल्या दिवशी सांगून ठेव. 108 नंबर आणि खोलीचा नीट पत्ता त्याला पाठ असू दे. ‘बालाजीच्या देवळाजवळ’ एवढ्याने रुग्णवाहिकेला आपली चाळ सापडायची नाही.

येत्या रविवारी पाणी यायच्या आधी पिंप रिकामं कर. आणि झाकण काढलंस की आत आधी त्याला डोकावू दे.