शॉप अ‍ॅक्ट काढलं म्हणजे ब्रँडचं नाव तुमचं झालं का?



"सर, शॉप अ‍ॅक्ट आहे, जीएसटी आहे, उद्यम पण काढलंय. मग नाव आमचंच ना?" नवीन उद्योजकांचा हा ठरलेला प्रश्न. उत्तर आहे, नाही! शॉप अ‍ॅक्ट आस्थापनेसाठी, जीएसटी करासाठी, अन्न परवाना खाण्याच्या सुरक्षिततेसाठी. नावावर हक्क देतो तो ट्रेडमार्क कायदा, १९९९.

आधी नाव तपासा

समजा, मुळशीतल्या भरे गावातल्या एका ताईंनी आंबेमोहोर पॅक करून पुण्यात विकायला सुरुवात केली. नाव ठेवलं 'मुळशी आंबेमोहोर'. ऐकायला छान! पण मुळशी हे ठिकाण आणि आंबेमोहोर हा तांदळाचा प्रकार. अशी फक्त माहिती देणारी नावं कायद्याच्या कलम ९ मुळे सहसा नोंदली जात नाहीत. उद्या पौडचा शेतकरीही तेच शब्द पाकिटावर छापेल आणि ताई त्याला अडवू शकणार नाहीत. जाहिरातीचा खर्च ताईंचा, फायदा सगळ्यांचा.

धार्मिक नावांचंही तसंच. अगरबत्तीसाठी एकट्या 'रामायण' या शब्दावर मक्तेदारी मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं.

मग नाव कसं हवं? दांडेकरांनी शाईचा धंदा सुरू केला आणि 'कॅमल' व 'इंक' मिळून 'कॅमलिन' झालं. उंटाचा शाईशी काय संबंध? काहीच नाही, म्हणूनच नाव लक्षात राहिलं. असं वेगळं नाव सांभाळायलाही सोपं जातं.

जुनी बिलं फेकू नका

पुण्यातल्या 'बर्गर किंग' या स्थानिक हॉटेलवर अमेरिकेच्या त्याच नावाच्या बड्या कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने तो फेटाळला. कारण, कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान २०१४ चं आणि पुण्याचं हॉटेल १९९२ च्या सुमारापासून हे नाव वापरतंय. पुढे प्रकरण अपिलात उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयातही गेलं.

यातून दोन गोष्टी शिका. आधीपासूनच्या वापराला कायद्यात वजन आहे, म्हणून पहिलं बिल, पहिलं पाकीट, पहिली जाहिरात तारखेसकट जपून ठेवा. आणि दुसरी, नुसत्या वापराच्या भरवशावर राहिलात तर कोर्टात वर्षं जातात. छोट्या धंद्याला ते परवडत नाही.

नोंदणी कशी होते?

१. शोध घ्या. ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं. स्पेलिंग बदलून आणि उच्चार सारखा असलेली नावंही बघा.

२. वर्ग ठरवा. एकूण ४५ वर्ग आहेत. तांदूळ, मसाले ३० मध्ये, कपडे २५ मध्ये, हॉटेल ४३ मध्ये. फी प्रत्येक वर्गाची वेगळी.

३. अर्ज भरा. फॉर्म टीएम-ए. ऑनलाइन फी एका वर्गाला ४,५०० रुपये, ही व्यक्ती, स्टार्टअप आणि छोट्या उद्योगांसाठी. इतरांना ९,००० रुपये. छोटा उद्योग दाखवायला उद्यम प्रमाणपत्र लागतं. उद्यम इथे कामाला येतं बघा! महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात.

४. आक्षेपाला उत्तर द्या. तपासणी अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर हवं. इथे आळस केला तर अर्ज सोडून दिला असं धरतात, म्हणून ईमेल रोज बघा.

५. वाट बघा. नाव जर्नलमध्ये छापून आल्यावर ४ महिने कोणीही विरोध करू शकतं. विरोध नसेल तर प्रमाणपत्र. ते अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं चालतं आणि पुढे दर १० वर्षांनी नूतनीकरण.

एक सावधानी. 'टीएम' ही खूण आजपासून लावता येते. पण गोलातला 'आर' नोंदणी झाल्यावरच! आधी लावणं बेकायदेशीर आहे.

आजचा गृहपाठ

पाट्या, पाकिटं, स्टिकर छापायला टाकण्याआधी वहीत तीन नावं लिहा. प्रत्येकापुढे दोन प्रश्न: हे नाव नुसतं मालाचं किंवा गावाचं वर्णन करतंय का? असंच नाव आधी कोणी नोंदवलंय का? दोन्हीचं उत्तर 'नाही' असलेलं नाव निवडा. छापखान्याचं बिल त्यानंतर. चला, कामाला लागा!