संकेतस्थळावरील मार्गदर्शक बटणें

ग्रंथास अनुक्रमणिका असते, तिठ्यावर गांवांच्या नांवांची पाटी असते. संकेतस्थळावर हेंच काम बटणें करितात. सातबाऱ्याचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल हें सर्व आतां मोबाइलच्या पडद्यावर मिळतें. ज्यास योग्य बटण सांपडत नाहीं, त्यास स्वतःच्या हक्काच्या कामासाठीं दुसऱ्याचें तोंड पाहावें लागतें. म्हणून बटणांची रचना कशी असावी, याचा थोडा विचार करूं.

पहिली गोष्ट क्रमाची. भूमि-अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर सातबारा पाहतांना जिल्हा, तालुका व गांव अशी एकामागून एक निवड करावी लागते. महाराष्ट्राचे जिल्हे ३६. त्यांपैकीं कोल्हापूर जिल्ह्याचे तालुके १२. राधानगरी तालुक्यांतील एखादें खेडें राज्यांतील हजारों गांवांच्या एकाच यादींत शोधावयाचें असतें, तर केवढे कष्ट पडले असते! लहान लहान निवडी मात्र शेतकऱ्यास सहज करतां येतात. कारण आपला पत्ता तोहि याच विभागांनीं सांगतो. तात्पर्य, बटणांची विभागणी वाचकाच्या मनांतील विभागणीस धरून असावी.

दुसरी गोष्ट आकाराची व अंतराची. लक्ष्य जितकें लहान व जितकें दूर, तितका तेथें पोंचण्यास हातास वेळ अधिक, असें अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनीं १९५४ सालीं प्रयोगांनीं दाखविलें. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शिअम या संस्थेच्या २०२३ सालच्या नियमांत, कांहीं अपवाद सोडून, बटण निदान २४ पिक्सेल लांब व तितकेंच रुंद असावें असें म्हटलें आहे. अंगठ्यानें मोबाइल वापरणारास याहून मोठें बटण सोयीचें. ‘जमा करा’ आणि ‘रद्द करा’ हीं बटणें तर एकमेकांस खेटून कधींहि ठेवूं नयेत. मुदतीच्या शेवटच्या दिवशीं भरलेला अर्ज एका चुकलेल्या बोटानें पुसला गेला, तर विद्यार्थ्याचें वर्षभराचें साहाय्य बुडावयाचें.

तिसरी गोष्ट स्थानाची. घरांतील दिव्याचें बटण आपण अंधारांतहि चांचपून लावतों; कारण त्याची जागा रोज तीच असते. त्याचप्रमाणें ‘मुखपृष्ठ’, ‘शोधा’, ‘मागें’ हीं बटणें प्रत्येक पानावर एकाच ठिकाणीं असावीत.

चौथी गोष्ट नांवाची. ‘येथें दाबा’ यापेक्षां ‘निकाल पाहा’ हें नांव बरें. दाबल्यावर काय मिळेल तें त्यांत कळतें. मराठी अक्षरांस वर वेलांटी व रफार, खालीं उकार. यास्तव इंग्रजी अक्षरांच्या मापानें आंखलेल्या बटणांत तीं कापलीं जातात. त्यांस उंची थोडी अधिक द्यावी. अंध वाचकास संगणक बटणाचें नांव वाचून दाखवितो. नुसत्या चित्रास नांव जोडलें नसेल, तर त्याच्यापुरतें तें बटण मुकेंच. तांबडा व हिरवा हा भेद कित्येकांस दिसत नाहीं. म्हणून केवळ रंगावर अर्थ सोंपवूं नये.

आतां एक अभ्यास. पालकांनींहि त्यांत भाग घ्यावा. घरांतील आजी-आजोबांच्या हातीं मोबाइल द्या, एखाद्या संकेतस्थळावरील एकच काम सांगा आणि जवळ मुकाट्यानें बसा. त्यांचें बोट जेथें जेथें थबकेल, तेथें वहींत खूण करा. मग त्या पानाचें चित्र काढून बटणें तुमच्या मतें कोठें असावीत, तें दाखवा.