टॉर्टियाचा फंडा

मेन्यूकार्डावर टाको, केसाडिया, एन्चिलाडा, बरिटो ही चार नावं वाचून आपण चार वेगळे पदार्थ मागवतो. प्लेटा आल्या की रूममेट म्हणतो, "अरे, सगळं चपातीतच गुंडाळलंय की!" त्याचं अगदीच चूक नाही. या सगळ्यांचा कच्चा माल एकच, टॉर्टिया. फरक आहे तो प्रोसेसचा. हा फंडा क्लिअर झाला की नावं पाठ करावी लागत नाहीत.

आधी टॉर्टियाच बघू. (स्पेनमध्ये टॉर्टिया मागितली तर बटाट्याचं ऑम्लेट मिळेल. ते प्रकरण वेगळं.) मेक्सिकोतली मूळ टॉर्टिया मक्याची. पण नुसतं पीठ दळून थापली, असं नाही. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसेच ठेवतात, मग धुऊन साली काढतात आणि ओलेच वाटतात. विड्याच्या पानाला लावतो तोच चुना! त्याने पीठ चांगलं मिळून येतं, आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं.

स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, चुन्याची कृती मात्र मागेच राहिली. मग जिथे गरिबांचं पोट जवळजवळ मक्यावरच चालायचं, तिथे पेलाग्रा हा रोग पसरला. आधी उत्तर इटलीत, आणि 20व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागातही. कातडी सोलवटणं, जुलाब, भ्रम आणि शेवटी मृत्यू. माल नेला, प्रोसेस सोडली, त्याची किंमत हजारो लोकांनी मोजली.

आता एकेक पदार्थ.

टाको : तव्यावरची ताजी, मऊ, छोटी टॉर्टिया. त्यावर मांस किंवा भाजी, कांदा, कोथिंबीर, साल्सा. दुमडायची आणि हातानेच खायची. तो कडक, कुरकुरीत टाको अमेरिकेत लोकप्रिय झाला.

केसाडिया : 'केसो' म्हणजे चीज. टाकोत आधी भाजणं, मग भरणं. इथे चीज आत घालून, दुमडून, ते वितळेपर्यंत तव्यावर ठेवतात. गंमत म्हणजे मेक्सिको सिटीत बिनचीजचा केसाडियाही मिळतो, आणि त्यावरून तिथे कायम वाद चालतो.

एन्चिलाडा : अर्थच 'मिरची लावलेला'. टॉर्टिया गरम तेलातून काढून मिरचीच्या दाट रश्श्यात बुडवतात, मग सारण भरतात. हात बरबटतात, म्हणून काटा लागतो. रस्सा टोमॅटोचा केला की तोच एन्टोमाटाडा, आणि राजम्यासारख्या कडधान्याचा केला की एन्फ्रिहोलाडा. म्हणजे इथे नाव सारणावरून नाही, रश्श्यावरून पडतं.

बरिटो : हा उत्तर मेक्सिकोचा, गव्हाच्या टॉर्टियाचा. गहू स्पॅनिश लोकांनी तिकडे नेला. नावाचा अर्थ 'छोटं गाढव'. तिथला बरिटो सडपातळ असतो. भात वगैरे ठासून भरलेला लठ्ठ बरिटो सॅन फ्रान्सिस्कोचा, 1960 च्या दशकातला.

फ्लाउटा आणि तोस्तादा : दोन्ही तळलेले. गुंडाळून तळला तो फ्लाउटा, म्हणजे बासरी. सपाट तळून वर सगळं रचलं की तोस्तादा.

चिलाकिलेस : हा आपल्या हॉस्टेलवाल्यांच्या सगळ्यात जवळचा. कालच्या उरलेल्या टॉर्टियाचे तुकडे तळून साल्सात घोळवतात आणि सकाळी नाश्त्याला खातात. आपल्या फोडणीच्या पोळीचा मेक्सिकन चुलतभाऊच म्हणा ना!

नाचोज मात्र खूप नंतरचे. 1940 च्या दशकात पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावात इग्नासिओ अनाया यांनी ते केले. इग्नासिओचं लाडाचं नाव 'नाचो'.

तर कोणताही पदार्थ समोर आला की तीनच प्रश्न विचारा. पीठ कोणतं? टॉर्टिया ताजी की शिळी? भाजली, बुडवली की तळली? सारण काय, हा प्रश्न शेवटचा. आपण नेमका तोच पहिला विचारतो, म्हणून सगळा घोळ होतो.

2010 साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. पण मला विचाराल तर खरा मान त्या बायकांचा, ज्यांनी लॅब नसताना, नायसिनचं नावही माहीत नसताना चुन्याची प्रोसेस शोधली आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकवली. आपण ज्याला नुसती 'चपाती' म्हणून हसतो, त्यात एवढं इंजिनिअरिंग आहे!