बाळाचे उष्टावण

आपल्याकडे मुलाचे उष्टावण सम महिन्यात व मुलीचे विषम महिन्यात करण्याची चाल आहे. परंतु पोटास हा भेद ठाऊक नसतो; 6 महिने पूर्ण होईपर्यंत दोघांसही आईचे दूधच पुरे. त्यानंतर मात्र ते एकटे पुरत नाही. विशेषतः लोह कमी पडते. पुष्कळ घरी मग वरणाचे निवळ पाणी पाजतात. त्याने पोट भरते, पोषण होत नाही! परभणीकडे ज्वारी व मूग घरोघर असतात. त्यांच्या पिठाची पेज चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट शिजवून तीत थोडे तूप घालावे, असे आम्ही सुचवितो. आरंभी दोन-तीन चमचे पुरेत; पुढे पालेभाजी, व चालत असल्यास अंडे, कुसकरून द्यावे. मध मात्र वर्षाच्या आत चाटवू नये. त्यातील जंतू तान्ह्यास घातक ठरू शकतात. आईचे दूध 2 वर्षांपर्यंत चालू असावे.